मोटारींच्या शर्यती आणि त्यांचे निवेदक

डोळ्यांनी पाहावयाची गोष्ट कानांना दाखविणे, हे नभोवाणीवरील निवेदकाचे काम होय. हे काम सर्वच खेळांत सारखे सुलभ नसते. क्रिकेटच्या सामन्यात एक चेंडू आणि दुसरा चेंडू ह्यांच्यामध्ये काही अवकाश असतो. तेवढ्यात निवेदकाला श्वास घेता येतो, धावफलक वाचता येतो आणि क्षेत्ररक्षकांची मांडणीही सांगता येते. शिवाय सारे मैदान एका जागी बसून त्याच्या नजरेत मावते. परंतु जेथे चाळीस मोटारी अडीच मैलांच्या रिंगणात, ताशी दोनशे मैलांच्या आसपास वेगाने, तीन-साडेतीन तास फिरत असतात, तेथे निवेदकाने काय करावे? त्याने एका चालकाचे नाव उच्चारावे, तोवर ती मोटार शंभराहून अधिक यार्ड पुढे निघून गेलेली असते. अमेरिकेतील ‘स्टॉक कार’ शर्यतींच्या निवेदकांनी हा प्रश्न कसा सोडविला, आणि तो सोडविताना त्यांच्या जिव्हेची कसोटी कोणत्या प्रसंगी लागली, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे; आणि काही ठिकाणी तो मनाला चटका लावणाराही आहे.

प्रथम ‘स्टॉक कार’ म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीसाठी ठेवलेला माल. केवळ शर्यतीसाठी घडविलेल्या, लांबट, उघड्या चाकांच्या मोटारींहून वेगळी, अशी सामान्य गृहस्थाने दुकानातून विकत घ्यावी तशी मोटार, ती स्टॉक कार. पुढे ह्या मोटारींचे केवळ बाह्यरूपच तेवढे दुकानातल्यासारखे उरले आणि आतील सारे यंत्र शर्यतीसाठीच घडविले जाऊ लागले. तथापि नाव जुनेच राहिले. ह्या खेळाचे माहेर अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत, विशेषतः उत्तर व दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया आणि व्हर्जिनिया ह्या प्रांतांत आहे. तेथील डोंगराळ भागात कर चुकवून दारू गाळण्याचा धंदा चालत असे. रात्रीच्या वेळी तो माल शहरात पोचविणारे तरुण आपल्या साध्या दिसणाऱ्या मोटारींची यंत्रे अधिक बलवान करून पोलिसांना हुलकावणी देत. ह्यांच्यापैकीच काही जण पुढे मातीच्या रिंगणात एकमेकांशी चढाओढ करू लागले. १९४७ सालच्या डिसेंबरात बिल फ्रान्स ह्या गृहस्थाने फ्लॉरिडातील डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात संबंधित मंडळींना एकत्र जमविले, आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी ‘नॅसकार’ ह्या संस्थेची रीतसर नोंदणी झाली.

त्या काळचा निवेदक म्हणजे रिंगणाशेजारच्या मनोऱ्यावरून कर्ण्यावाटे प्रेक्षकांशी बोलणारा मनुष्य. धूळ, धूर आणि यंत्रांचा कानठळ्या बसविणारा आवाज ह्यांमधून कोण पुढे आणि कोण मागे हे ओळखणे त्यालाही अवघड जाई. मागे पडलेली मोटार आणि आघाडीची मोटार अनेकदा शेजारीशेजारी धावत असल्यामुळे, डोळ्यांपुढे दिसते तेच सत्य असे येथे म्हणता येत नाही. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे नॅसकारची पहिली ‘अस्सल स्टॉक’ शर्यत झाली. ग्लेन डनवे हा सर्वांत पुढे आला. परंतु तपासणीत त्याच्या मोटारीच्या स्प्रिंगांमध्ये दारूवाहतुकीला सोयीचा असा फेरफार आढळला. त्याला बाद ठरवून कॅन्सासच्या जिम रोपरला विजयी घोषित करण्यात आले. पुढे १९५९ साली डेटोना येथे ३१ अंशांच्या चढत्या वळणांचे, अडीच मैलांचे नवे रिंगण बांधण्यात आले. २२ फेब्रुवारीस तेथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली, तेव्हा तीन मोटारी एकाच वेळी अंतिम रेषा ओलांडून गेल्या. त्यांतील एक फेरीभर मागे होती. जॉनी बोशॅम्पला विजेता समजून त्याचा सत्कारही झाला. परंतु छायाचित्रे आणि बोलपटगृहांतून दाखविण्यासाठी घेतलेली वृत्तचित्रे तपासल्यावर, तब्बल ६१ तासांनी, खरा विजेता ली पेटी असल्याचे जाहीर झाले. निवेदकाच्या धंद्यातील पहिला धडा ह्या दोन शर्यतींनी शिकविला. जे निश्चित ठाऊक नाही ते निश्चित म्हणून सांगू नये, हा तो धडा.

आणखी एक अडचण होती, ती प्रतिष्ठेची. उत्तरेकडील मोठ्या शहरांतील सुशिक्षित समाज ह्या खेळाकडे खेडवळांचा धांगडधिंगा म्हणून पाहत असे. मोठ्या ध्वनिक्षेपण-संस्थांना त्याचे विशेष अगत्य नव्हते. त्यामुळे शर्यतीचे वृत्त दूर पोचविण्याचा पहिला भार लहान गावांतील लहान नभोवाणी-केंद्रांवर पडला, आणि ह्या क्षेत्रातील दोन थोर निवेदक अशाच केंद्रांतून पुढे आले. केन स्क्वायर आणि बार्नी हॉल ही त्यांची नावे.

केन स्क्वायरचा जन्म १९३५ साली उत्तरेकडील व्हर्मॉन्ट प्रांतात झाला. त्याच्या वडिलांचे वॉटरबरी ह्या गावी नभोवाणी-केंद्र होते, म्हणून ध्वनिक्षेपकाशी त्याचा परिचय घरातच झाला. किशोरवयातच, लाकडे वाहणाऱ्या ट्रकच्या पाठीवर उभे राहून त्याने गावठी शर्यतींचे निवेदन आरंभिले. १९६० साली त्याने बॅरी ह्या गावी ‘थंडर रोड’ नावाचे रिंगण उभारले. बॅरी हे ग्रॅनाइटच्या खाणींचे गाव. तेथील कामगारांचा पगार गुरुवारी होत असे, म्हणून शर्यतीही गुरुवारी रात्री ठेवण्यात आल्या. ही गोष्ट लहान असली तरी स्क्वायरच्या निवेदनाचे मर्म तीत आहे. शर्यत पाहण्यास येणारा मनुष्य कोण, तो आठवडाभर काय काम करतो, आणि रिंगणात मोटार हाकणारा त्याचाच शेजारी कसा आहे, हे स्क्वायरला अंतर्बाह्य ठाऊक होते. म्हणूनच त्याच्या वर्णनात चालक हा केवळ एक क्रमांक म्हणून येत नसे. घरदार, गाव आणि उद्योग असलेला मनुष्य म्हणून येई.

बार्नी हॉल हा उत्तर कॅरोलायनातील एल्किन गावचा. तेथील लहानशा केंद्रावर तो प्रथम बोलू लागला. १९६१ साली टेनेसीतील ब्रिस्टल येथे नवे रिंगण सुरू झाले, तेव्हा कर्ण्यावरून बोलण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याचा स्वभाव स्क्वायरहून निराळा. स्क्वायरची वाणी अलंकृत आणि चढत्या स्वरांची, तर हॉलची शांत, सावकाश, ओसरीवर बसून गोष्ट सांगणाऱ्या वडीलधाऱ्यासारखी. समोर दहा मोटारी एकमेकींवर आदळत असल्या तरी हॉलचा स्वर फारसा चढत नसे. श्रोत्याला धीर वाटावा, आणि जे घडले ते यथाक्रम समजावे, अशी त्याची रीत होती.

१९७० साली बिल फ्रान्स आणि स्क्वायर ह्यांनी मिळून ‘मोटर रेसिंग नेटवर्क’ ही नभोवाणी-संस्था स्थापिली. आरंभी निर्दिष्ट केलेल्या प्रश्नाचे उत्तर ह्या संस्थेच्या कार्यपद्धतीत दिसते. एका मनुष्याला सारे रिंगण दिसत नाही. म्हणून निवेदनही एका मनुष्याचे ठेवले नाही. इंडियानापोलिस येथील शर्यतीच्या नभोवाणीवर वळणावळणांवर निवेदक बसविण्याचा प्रघात पूर्वीच पडलेला होता. तीच योजना येथे स्वीकारण्यात आली. मुख्य निवेदक प्रेक्षागारावरील कक्षात बसतो. वळणांपाशी उंच मचाणांवर एकेक निवेदक उभा असतो. मोटारी थांबवून टायर बदलावयाची आणि पेट्रोल भरावयाची जी जागा, तिला ‘पिट’ म्हणतात. तेथे आणखी काही जण ध्वनिक्षेपक हातात घेऊन फिरत असतात. मोटारींचा जमाव पहिल्या वळणाकडे गेला की मुख्य निवेदक आपले वाक्य आटोपतो आणि तेथील सहकारी तोच धागा उचलतो. समोरच्या सरळ मार्गावर तो दुसऱ्याच्या हाती जातो. आणि पाऊण मिनिटाच्या आत शर्यत पुन्हा मुख्य निवेदकासमोर येते. ह्या देवाणघेवाणीत ‘आता तुम्ही बोला’ असे म्हणण्यासही वेळ नसतो. एकाच्या शब्दांनंतर दुसऱ्याचा शब्द, भजनातील टाळकऱ्यांनी ठेका धरावा तसा, आपोआप पडला पाहिजे. श्रोत्याला मात्र आपण एकाच अखंड दृष्टीने सारे रिंगण पाहत आहोत असा भास होतो. ही कला इतकी परिणत झाली की, प्रत्यक्ष रिंगणात बसलेले प्रेक्षकही कानाला यंत्र लावून नभोवाणी ऐकू लागले. कारण डोळ्यांना दिसत नसलेली अर्धी शर्यत त्यांना तेथूनच मिळत असे.

दूरचित्रवाणीचा प्रवेश ह्या क्षेत्रात हळूहळू झाला. एबीसी ह्या संस्थेच्या ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ ह्या कार्यक्रमात शर्यतींचे निवडक तुकडे दाखवीत. तेही बहुधा शर्यत होऊन गेल्यावर, कधी मुष्टियुद्धाच्या तर कधी बर्फावरील कसरतींच्या जोडीला. त्या काळात पिटमधून बोलणारा ख्रिस इकोनोमाकी हा एका शर्यतविषयक साप्ताहिकाचा संपादक होता. त्याला यंत्राची आणि माणसांची अशी दोन्ही प्रकारची माहिती असे. १९७१ साली दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथील शंभर मैलांची शर्यत आरंभापासून अंतापर्यंत थेट दाखविण्यात आली. परंतु पाचशे मैलांची शर्यत तीन-साडेतीन तास कोण पाहत बसणार, अशी शंका दूरचित्रवाणीच्या चालकांना होतीच.

ती शंका १८ फेब्रुवारी १९७९ रोजी फिटली. सीबीएस ह्या संस्थेने डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत प्रथमच संपूर्ण आणि थेट दाखविण्याचे ठरविले होते. मुख्य निवेदक स्क्वायर आणि त्याच्या जोडीला इंग्रज शर्यतवीर डेव्हिड हॉब्स. ‘द ग्रेट अमेरिकन रेस’, म्हणजे अमेरिकेची थोर शर्यत, हे ह्या स्पर्धेचे बिरुद स्क्वायरनेच रूढ केलेले. त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व भागात मोठे हिमवादळ झाले आणि लक्षावधी लोक घरात अडकून पडले. इकडे डेटोनासही सकाळी पाऊस झाल्यामुळे पहिल्या फेऱ्या सावधगिरीच्या पिवळ्या निशाणाखाली, संथपणे काढाव्या लागल्या. शेवटच्या फेरीस डॉनी ॲलिसन पुढे आणि केल यारबरो त्याच्या पाठीशी, आणि बाकी सारे कितीतरी मागे, अशी स्थिती होती. यारबरो आतल्या बाजूने पुढे जाऊ लागला, ॲलिसनने वाट दिली नाही. दोघे एकमेकांवर आदळत तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर गेले आणि खालच्या हिरवळीत येऊन थांबले. क्षणापूर्वी ज्या दोघांखेरीज कोणी जिंकणे शक्य नव्हते, ते दोघेही बाद झाले. रिचर्ड पेटी अर्धी फेरी मागून आला आणि विजयी झाला. विजेत्याचे वर्णन करून होते न होते तोच, हिरवळीवर यारबरो आणि ॲलिसन ह्यांची, आणि मदतीस धावलेल्या ॲलिसनच्या भावाची, हातघाई सुरू झाल्याचे स्क्वायरला दिसले. त्याने तेही तसेच सांगितले. बर्फाने कोंडलेल्या ज्या शहरी माणसांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता, त्यांनी तो त्या दिवशी प्रथम पाहिला. नॅसकारच्या राष्ट्रीय लोकप्रियतेचा आरंभ पुष्कळ लोक ह्याच दिवसापासून मानतात.

ह्यानंतर केबलवरून चालणारी ईएसपीएन ही संस्था १९८१ पासून ह्या शर्यती दाखवू लागली आणि बॉब जेंकिन्सचा आवाज घरोघर परिचित झाला. मोटारीच्या आतही छायायंत्र बसविण्यात येऊ लागले. १९८३ साली डेटोना जिंकणाऱ्या यारबरोच्या मोटारीत असे यंत्र होते. चित्र इतके जवळ आल्यावर निवेदकाचे काम बदलले. काय घडले हे प्रेक्षक स्वतःच पाहू लागला. ते का घडले हे सांगणारा मनुष्य त्याला हवा झाला. म्हणून निवृत्त चालक निवेदनकक्षात आले. १९७३ सालचा विजेता बेनी पार्सन्स हा त्यांच्यापैकी एक. त्याने तरुणपणी डेट्रॉइटमध्ये टॅक्सी चालविली होती. दुसरा नेड जॅरेट. तो उत्तर कॅरोलायनातील न्यूटनचा, बापाच्या लाकूडगिरणीत वाढलेला. १९६१ आणि १९६५ ह्या दोन वर्षांचे विजेतेपद त्याने मिळविले होते. सभेत बोलण्याची आपल्याला सवय नाही हे ओळखून त्याने चालक असतानाच डेल कार्नेगी ह्यांच्या पद्धतीच्या वक्तृत्ववर्गात शिक्षण घेतले, आणि पुढे नभोवाणी व दूरचित्रवाणी ह्या दोहोंवर तो मान्यता पावला. ४ जुलै १९८४ रोजी अध्यक्ष रेगन डेटोनास आले, आणि त्याच दिवशी पेटीने आपली दोनशेवी शर्यत जिंकली. त्या वेळी नभोवाणीवर अध्यक्षांशी संभाषण करण्याचा मान जॅरेटला मिळाला. विशेष हे की, रेगन हे स्वतः तरुणपणी नभोवाणीवरचे क्रीडानिवेदक होते. तारेने आलेल्या त्रोटक मजकुरावरून बेसबॉलचा सारा सामना ते श्रोत्यांपुढे उभा करीत असत.

परंतु रिंगणातलाच मनुष्य निवेदनकक्षात आणून बसविला, की एक नवाच प्रश्न उत्पन्न होतो. ज्यांचे वर्णन करावयाचे ते त्याचे स्नेही आणि आप्तच असतात. तेव्हा निःपक्षपातीपणाचे काय? १४ फेब्रुवारी १९९३ रोजी ह्या प्रश्नाने मोठे हृद्य रूप घेतले. डेटोनाच्या शेवटच्या फेरीत जॅरेटचा मुलगा डेल जॅरेट हा डेल अर्नहार्टच्या पुढे गेला. अर्नहार्ट हा त्या पिढीतील सर्वांत धाक असलेला चालक; परंतु ही एक शर्यत त्याला तोवर जिंकता आली नव्हती. निवेदनकक्षात स्क्वायर, नील बॉनेट आणि नेड जॅरेट असे तिघे होते. त्या क्षणी कार्यक्रमाच्या निर्मात्याने जॅरेटला सांगितले की, ही फेरी तुम्ही बाप म्हणूनच सांगा. आणि इतर दोघे गप्प राहिले. जॅरेट मुलाला सूचना देत, धीर देत, उघडपणे त्याचा पक्ष घेत बोलला, आणि मुलगा जिंकला. नंतर त्याच्या मनाला ते लागून राहिले. निवेदकाचा धर्म आपण मोडला, असे वाटून त्याने अर्नहार्टजवळ खेद व्यक्त केला. अर्नहार्टने उत्तर दिले की, आपणही बापच आहोत. ह्या प्रसंगात वाखाणण्यासारखे कोण? मुलगा पुढे असताना बोललेला बाप, की त्याला बोलू देऊन मौन पाळणारा स्क्वायर? निवेदकाच्या कलेत बोलण्याइतकेच न बोलण्याला महत्त्व आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्याच कक्षात बसलेला नील बॉनेट वर्षभराने पुन्हा शर्यतीत उतरावयास निघाला, आणि ११ फेब्रुवारी १९९४ रोजी डेटोनाच्याच रिंगणात सराव करताना प्राणास मुकला.

ह्याहून कठीण कसोटी १८ फेब्रुवारी २००१ रोजी लागली. १९७९ च्या त्या ऐतिहासिक शर्यतीस त्या दिवशी बरोबर बावीस वर्षे पूर्ण होत होती. नव्या करारान्वये फॉक्स ह्या संस्थेचे हे डेटोनाचे पहिलेच प्रक्षेपण. मुख्य निवेदक माइक जॉय हा मॅसॅच्युसेट्समधील एका रिंगणाच्या कर्ण्यावरून आणि पुढे मोटर रेसिंग नेटवर्कमधून वर आलेला. जोडीला लॅरी मॅकरेनल्ड्स आणि डॅरेल वॉल्ट्रिप. १९७९ साली पेटीच्या मागोमाग दुसरा आलेला वॉल्ट्रिप, तोच हा. त्याचा धाकटा भाऊ मायकेल ह्याने त्या दिवसापर्यंत ४६२ शर्यतींत भाग घेऊन एकही जिंकली नव्हती. अर्नहार्टने त्याला आपल्या पथकात घेतले होते. शेवटच्या फेरीत मायकेल पुढे, त्याच्या मागे अर्नहार्टचा मुलगा, आणि तिसरा स्वतः अर्नहार्ट. डॅरेल भावाला ओरडून उत्तेजन देत होता. अखेरच्या वळणावर अर्नहार्टची मोटार भिंतीवर आदळली. मायकेल जिंकला, डॅरेलला अश्रू आवरेनात. परंतु त्याच श्वासात त्याची दृष्टी त्या थांबलेल्या मोटारीकडे गेली, आणि डेल सुखरूप असावा, असे उद्गार त्याच्या तोंडून निघाले. आयुष्यभर मोटार चालविलेल्या मनुष्याला त्या आघाताचा अर्थ कळत होता. परंतु निश्चित वार्ता नसता अशुभ बोलण्याचा अधिकार त्याला नव्हता. आनंद पुरता व्यक्त करता येत नाही आणि भीतीही उच्चारता येत नाही, अशा अवस्थेत प्रक्षेपण संपले. अर्नहार्ट निवर्तल्याचे वृत्त काही वेळाने नॅसकारचे अध्यक्ष माइक हेल्टन ह्यांनी जाहीर केले. १९५९ साली विजेत्याच्या नावाबाबत शिकलेला धडा येथे एका मनुष्याच्या प्राणाबाबत पाळावा लागला.

त्यानंतरच्या काळात यंत्रे पुष्कळ सुधारली. चालक आणि त्याचे पथक ह्यांच्यामधील बिनतारी संभाषण प्रेक्षकांना ऐकू येऊ लागले. निवेदनकक्षाची दारेही अधिक उघडली. २०२१ साली जेमी लिटल ही स्त्री ‘आर्का’ ह्या स्टॉक कार मालिकेची दूरचित्रवाणीवरील मुख्य निवेदक झाली. राष्ट्रीय दर्जाच्या मोटार-शर्यतींच्या मालिकेत हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री. २०२५ साली काही शर्यती आंतरजालावरून ॲमेझॉनने दाखविल्या, आणि त्यांच्या निवेदनकक्षात अर्नहार्टचा मुलगा, ज्याला डेल अर्नहार्ट ज्युनिअर म्हणतात, तो बसला. २००१ च्या त्या शेवटच्या फेरीत दुसरा आलेला तरुण तो हाच.

बार्नी हॉल २०१४ साली निवृत्त झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये वारला. केन स्क्वायर १५ नोव्हेंबर २०२३ रोजी, ८८ व्या वर्षी मृत्यू पावला. त्यापूर्वी २०१८ साली नॅसकारच्या कीर्तिमंदिरात त्याला स्थान मिळाले होते. ह्या खेळाचे वृत्त उत्कृष्ट रीतीने देणाऱ्यांसाठी २०१२ साली एक पारितोषिक ठेवण्यात आले, त्याला ह्या दोघांचीच नावे जोडली आहेत. एक उंच स्वराचा आणि दुसरा शांत स्वराचा. परंतु ज्या समाजाला शहरी जग खेडवळ म्हणून हिणवीत होते, त्याच्या शौर्याची आणि दुःखाची वार्ता दोघांनीही सारख्याच आदराने सांगितली. शर्यतीचा विजेता दरवर्षी बदलतो आणि मोटारी तर त्याहून लवकर जुन्या होतात. जुन्या शर्यतींचे ध्वनिमुद्रण आज लाविले असता मात्र यंत्रांच्या गोंगाटावर प्रथम ऐकू येतो तो माणसाचाच स्वर. जेवढे दिसले तेवढेच सांगणारा, आणि जेथे सांगणे उचित नाही तेथे थांबणारा तो स्वर आहे.